शीळ, कॅसेट आणि आयशरवरचा डीजे

साशंक : हळद मेहकरला लागो की मलकापूरला, गाव घाटावरचं असो की घाटाखालचं, मांडवात वाजतं ते सारखंच. आयशरवर स्पीकरची भिंत बांधलेली, मागे जनरेटर, आणि त्या हंगामात चाललेली दहा-बारा गाणी आलटून पालटून. याच हळदीला पूर्वी बाया गाणी म्हणायच्या. नवरदेवाच्या मामाचं नाव घेऊन त्याला चिमटा, विहिणीची फजिती, आत्याच्या चिक्कूपणावर एखादं कडवं, आणि यातलं निम्मं त्याच दुपारी त्याच ओसरीवर जुळवलेलं. ती बाई आजही मांडवात आहे, तिला ते येतंही. पण बेस सुरू झाला की शेजारणीशी बोलायचं तरी कानाला तोंड लावावं लागतं, मग ती गाणार कशी? लोक म्हणतात, आवड बदलली. ताई, मला हे पटत नाही. सिनेमा लागायच्या महिनाभर आधी त्याचं गाणं सोडतात, त्यावर नाचून दाखवायला ओळखीचे चेहरे उभे करतात, ते रीलमधून दिवसभर कानावर आदळतं, डीजेवाला त्याचा ठेका वाढवून स्वतःचा ट्रॅक करून घेतो, आणि लग्नात पोरं तेच मागतात. मग कंपनी म्हणते, बघा, लोकांनाच हे हवं आहे. पेरणारे तेच, आणि उगवलेलं पीक दाखवून ‘मातीलाच हे हवं होतं’ असं सांगणारेही तेच.

उत्साही : तुम्ही मेहकरचं नाव घेतलंत, तर तिथूनच बोलू. ना. घ. देशपांडे 1909 साली सिंदखेडराजाला जन्मले, मेहकरला राहिले, तिथेच वकिली केली. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशी यांनी गायली आणि 1930 नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तिची तबकडी निघाली. मराठी भावगीताचा इतिहास सांगणारे बहुतेक जण त्या तबकडीपासून सुरुवात करतात. आता पुढची तारीख पाहा. ‘शीळ’ हा कवितासंग्रह आला 1954 साली. म्हणजे पुस्तक हातात पडण्याच्या वीस वर्षं आधी, तालुक्याच्या गावातल्या, पंचविशीही न गाठलेल्या एका तरुणाची कविता महाराष्ट्र गुणगुणत होता. ही किमया कोणत्या संमेलनाची नाही, कोणत्या विद्यापीठाचीही नाही. तबकड्या विकून पैसे मिळवायला निघालेल्या एका विलायती कंपनीने ती केली. आणि तिने नुसती एक कविता पसरवली नाही, एक प्रकारच जन्माला घातला. आज तुम्ही आणि मी ज्याला ‘जुनं, दर्जेदार’ म्हणतो ते भावगीत त्या काळच्या बाजाराचं अपत्य आहे. पुढे हेच जोशी 1938 मध्ये एच.एम.व्ही.त नोकरीला लागले, उस्ताद अमीर खाँसारख्या गवयांना त्यांनी रेकॉर्डसाठी गाण्याला राजी केलं, 1967 मध्ये ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही संतूर-बासरी-गिटारची रेकॉर्ड त्यांच्याच देखरेखीखाली निघाली. ही सगळी कामं धंद्यात राहूनच झाली. तेव्हा बाजार आवड घडवतो हे मी मान्यच करते. तो ती बिघडवतोच, हे मात्र तुम्हाला सिद्ध करावं लागेल.

साशंक : ‘शीळ’ माझीही लाडकी आहे. तरी त्या तबकडीकडे जरा जवळून पाहू. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. 1902 साली कलकत्त्यात गौहरजानने पहिल्यांदा कर्ण्यासमोर गायलं तेव्हापासून हेच माप. मग जे त्या मापात बसेल ते गाणं, आणि न बसेल ते हळूहळू गाण्यातूनच बाद. बैठकीची लावणी घ्या. एकच ओळ पंधरा वेळा म्हणायची आणि दर वेळी चेहऱ्याने, हाताने, नुसत्या भुवईने तिचा अर्थ फिरवायचा, ही तिची खरी गंमत. ती तबकडीत कशी मावणार? कलगी-तुऱ्यात एका बाजूने कूट घालायचं, दुसरीने ते सोडवून उलट कूट घालायचं, रात्र सरायची. 1959 साली ‘सांगत्ये ऐका’ तुफान चालला आणि तमाशापटांची रांग लागली. सिनेमात सवाल-जवाब आले, पण चार मिनिटांत आणि निकाल आधीच ठरवून. पुढे फडांसमोरचे प्रेक्षकच सिनेमातली गाणी मागू लागले आणि फडमालकांना ती द्यावी लागली. वगाचा वेळ त्या गाण्यांनी खाल्ला. म्हणजे बघा, बाजाराने जुना प्रकार उचलला, कापला, चकचकीत केला, आणि मग मूळ प्रकारालाच सांगितलं की आता तू माझ्यासारखा हो.

आणि ना. घं.चंच पुढचं ऐका. ‘खूणगाठी’ला 1986 चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. आपल्या जिल्ह्यात त्या संग्रहाची एक तरी कविता किती जणांना ठाऊक आहे? ‘शीळ’ चालीत बसली म्हणून जगली. नंतरची कविता अंतर्मुख होत गेली, ती कोणी चालीत बसवली नाही, तर मेहकरचा माणूससुद्धा कवीला एका गाण्यापुरताच ओळखतो.

उत्साही : हा आरोप वाचकांवर जातो, दादा, कंपनीवर नाही. पुस्तक छापलेलं होतं, पारितोषिक जाहीर झालं होतं, ग्रंथालयं होती. गाण्याने दार उघडून दिलं, आत कोणी गेलं नाही तर दाराचा काय दोष? आणि मापाचं म्हणाल तर ओवीलाही माप आहे. जात्याचा फेरा, हाताचा जोर, श्वास, यांनी ते ठरवलं. बंधनाशिवाय कोणताच प्रकार घडत नाही. तीन मिनिटांत एक पूर्ण भाव उभा करायचा, हे भावगीतवाल्यांनी साधलं ते त्या बंधनामुळेच.

बाजाराला बाजूला ठेवून आवड घडवायचा प्रयत्न आपल्या देशात एकदा झालाही आहे, आणि तो एका मराठी माणसाने केला. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 मध्ये नभोवाणी मंत्री झाले. सिनेसंगीताने लोकांची अभिरुची नासते अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हटली, शास्त्रीय संगीताचा वेळ वाढला. लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवून सिलोन लावलं. बिनाका गीतमाला त्याच काळात घराघरांत पोचली. अखेर 1957 साली सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. श्रोत्याला काय ऐकवायचं हे वरून ठरवणारा मंत्री असो की कंपनी, श्रोता दोघांच्या हातातून निसटतो. तुम्ही त्याला मातीचा गोळा समजता, ही माझी पहिली तक्रार.

साशंक : केसकरांचा दाखला देताना त्याच आकाशवाणीचा दुसरा दाखला का गाळता? 1955 च्या रामनवमीपासून वर्षभर पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ झालं. गदिमांची छप्पन गाणी, सुधीर फडक्यांचं संगीत. कोणाला तिकीट विकायचं नव्हतं, कोणती तबकडी खपवायची नव्हती. लोक रेडिओला हार घालून बसत. सिलोनकडे वळणारे कान हेच होते ना? तेव्हा ऐकणारा निसटतो हे खरं, आणि चांगलं समोर ठेवलं तर तो थांबतो हेही खरं. समोर काय ठेवलं जातं, हाच तर माझा मुद्दा आहे.

उत्साही : आणि समोर कोण ठेवतं, हा माझा. पुणे केंद्रावर, नागपूर केंद्रावर कोणाचा आवाज लागायचा? आवाजाची परीक्षा असायची, उच्चार तपासले जायचे. आपल्या वऱ्हाडी बोलीत गाणारा माणूस लोकसंगीताच्या अर्ध्या तासात बसवला जायचा. दार खरं उघडलं ते कॅसेटने. 1980 च्या सुमारास कॅसेट स्वस्त झाली, एका मोठ्या कंपनीची मक्तेदारी मोडली, गल्लीबोळांत छोट्या कंपन्या निघाल्या. गाणं भरायला आता मुंबईचा मोठा स्टुडिओ लागेना. याचा सगळ्यांत मोठा फायदा कोणाला झाला, हे आपल्या भागात चौदा एप्रिलला निळ्या झेंड्याखाली उभं राहून पाहिलं की कळतं. भीमगीत जलशांमध्ये होतंच. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक गावोगाव हिंडले, पायी, एस.टी.ने, मिळेल तिथे मुक्काम करून. पण वामनदादा एका रात्री एकाच गावात असायचे. कॅसेटने तो शब्द एका रात्रीत हजार वस्त्यांत नेला. प्रल्हाद शिंदे विठ्ठलाचीही गाणी गायले, भीमाचीही गायले, कव्वालीही गायले. त्यांचा मुलगा आनंद शिंदे पोपटाच्या गाण्याने प्रसिद्ध झाला. त्या गाण्याला नाकं मुरडणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की त्याच गळ्याने, त्याच कंपन्यांच्या कॅसेटवर, बाबासाहेबही घरोघर नेले. मोठ्या कंपन्यांच्या यादीत ज्यांना जागा थोडी होती, त्यांना या बारक्या बाजाराने जागा दिली. आता तर मधला दुकानदारही गेला. एकतारीवर भीमगीतं गाणाऱ्या कडूबाई खरात मोबाइलवरच्या व्हिडिओंनी महाराष्ट्रभर पोचल्या. शेजारच्या जळगावचा संजू राठोड 2024 मध्ये ‘गुलाबी साडी’ने देशभर वाजला, मराठी न समजणारे लोक त्यावर नाचले. ना. घं.च्या वेळी जे एकाच्या वाट्याला आलं, ते आज आपल्यासारख्या आडवळणाच्या भागातल्या कितीतरी पोरापोरींना हाताशी वाटतं. याला तुम्ही आवड बिघडणं म्हणणार?

साशंक : कॅसेटबद्दलचं तुमचं सगळं मान्य. उलट मी त्यात भर घालतो. कॅसेट जिथे भरली जायची त्याच्या आसपासच विकली जायची, म्हणून ती बोलीत बोलू शकत होती. सैलानीच्या यात्रेत कव्वालीच्या, शेगावात गजानन महाराजांच्या भक्तिगीतांच्या, सिंदखेडराजाला जिजाऊंवरच्या पोवाड्यांच्या कॅसेट मिळायच्या. ज्या गावची जत्रा, त्या गावचं गाणं. विकणारा आणि ऐकणारा यांच्यात पन्नास-साठ कोसांचं अंतर. म्हणून मी ‘बाजार’ या सगळ्याला एका रांगेत उभं करत नाही. आठवडी बाजारही बाजार, आणि सगळ्या जिल्ह्याचा माल एकट्याने उचलणारा व्यापारीही बाजार. आज गाणी पसरवणारे मोठे मंच जगभरात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिथे काही ठिकाणी तीस सेकंद ऐकलं तरच गाणं ऐकलं असं धरतात. म्हणून सुरुवातीचे सूर गेले, तोंडओळख गेली, पहिल्या क्षणातच पकडणारी ओळ आली. तीन मिनिटांचं माप तुम्ही जात्याच्या फेऱ्याशी जोडलंत. पण जात्याचा फेरा बाईच्या हाताचा होता. हे तीस सेकंद कोणाच्या हाताचे? ते कधी बदलले हेसुद्धा आपल्याला कळणार नाही. संजू राठोडचं कौतुक मलाही आहे. पण त्या एका गाण्यामागे न ऐकली गेलेली किती, हे मोजायचं साधन ना तुमच्याकडे आहे ना माझ्याकडे. ते त्या मंचांकडे आहे.

आणि डफड्याचं काय? आजच्या मराठी सिनेमाच्या गाण्यात हलगी वाजते, ढोलकी वाजते. ‘सैराट’चा वाद्यवृंद अजय-अतुलने अमेरिकेत लॉस एंजेलिसला भरला, त्याला पैसा मिळाला, नावं झळकली. आपल्या गावातला डफडेवाला मात्र घरी बसला. त्याचा ठेका आता कीबोर्डच्या एका बटणात आहे. एकदा कोणीतरी वाजवून घेतला, आता बोटाने दाबायचा. ठेका राहिला, वाजवणारा गेला.

उत्साही : तो घरी बसला की त्याने घरी बसायचं ठरवलं? डफडं आणि सनई वाजवणारा माणूस कोणत्या जातीचा असायचा आणि मांडवाच्या कोणत्या बाजूला उभा राहायचा, हे तुम्हाला माहीत आहे. वाजवून झाल्यावर त्याची पंगत कुठे बसायची तेही. जुन्या प्रकारांबद्दल हळहळताना आपण गाणं वेगळं काढतो आणि ज्या व्यवस्थेत ते वाजत होतं ती विसरतो. बाबासाहेबांनी गावकीची कामं सोडा म्हटलं, तेव्हा त्यात वाजंत्रीही आलीच. त्या घरातला पोरगा आज स्वतःचा आयशर घेऊन डीजे चालवतो, बयाणा घेतल्याशिवाय गाडी हलवत नाही, आणि ज्या गल्लीतून त्याचा आजा मान खाली घालून गेला त्या गल्लीत त्याच्या आवाजाने काचा हलतात. मला तो आवाज सहन होत नाही, खरं सांगते. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले, वस्तीत दिवसा पंचावन्न डेसिबलची मर्यादा आहे, रात्री दहानंतर बंदी आहे. ते पाळायला लावा, मी तुमच्या बाजूने ठाण्यात येते. पण त्या पोराला ‘तुझ्यामुळे परंपरा बुडाली’ म्हणायला मी तयार नाही.

आणि जातं. मघापासून जात्याचं नाव आपण दोघंही घेतोय. ओवी कोणी मारली? रेडिओने नाही, कॅसेटने नाही. गावात पिठाची गिरणी आली आणि ओवी थांबली. पहाटे तीनला उठून पाच-सहा माणसांचं पीठ पाडायचं, खांदा भरून आला तरी फेरा थांबवायचा नाही, आणि तो वेळ सरावा म्हणून गायचं. कोणत्या बाईला ते जातं परत हवं आहे? एकीला विचारून पाहा. ज्यांना ओवी वाचवायची होती त्यांनी ती वेगळ्या रीतीने वाचवली. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी गावोगावच्या बायांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या, प्रत्येकीसोबत तिचं नाव आणि गाव ठेवलं. हे काम बाजाराने केलं नाही, हे मी कबूल करते. पण त्यातल्या कितीतरी ओव्या यंत्रावर ध्वनिमुद्रितही झाल्या.

साशंक : जातं परत यावं असं मी म्हणणार नाही. तुम्ही मला नेमक्या जागी आणून सोडलंत, तेव्हा माझं म्हणणं मी पुन्हा नीट मांडतो. कोणती गाणी ऐकली जातात, ती हलकी की भारी, हा वाद मी सोडतो. त्यात माझी बाजू लंगडी आहे. माझी काळजी ही की बाजार ऐकणारा तयार करतो आणि गाणारा कमी करतो. पूर्वी गाणं हे माणसं करत होती. चांगलं-वाईट, बेसूर, तुटकं, पण करत होती. हळदीला, भलरीत, भजनात, भुलाबाईला. आता ते घेतलं जातं. शेगावची पालखी पंढरपूरला निघते, सातशेच्या आसपास वारकरी पांढऱ्या कपड्यांत, टाळ-मृदंगावर चालता चालता म्हणत जातात. त्यातला प्रत्येक जण गवई आहे का? नाही. पण त्याला म्हणावंच लागतं, कारण म्हटल्याशिवाय पाऊल उचलत नाही. अशा जागा किती उरल्या? त्या पालखीला कोणत्याही कंपनीचा आधार लागला नाही, म्हणून ती टिकली.

उत्साही : आणि त्या पालखीत जे अभंग म्हटले जातात त्यांच्या कितीतरी चाली भीमसेन जोशींच्या, लताबाईंच्या रेकॉर्डवरून आपल्या भजनी मंडळांत आल्या. तबकडीवरून चाल उचलून पेटीवर बसवणारी मंडळं तुम्हाला तालुक्यागणिक मिळतील. म्हणजे ऐकणं आणि म्हणणं यांच्यामध्ये तुम्ही घातलेली भिंत तिथे नाही. नाटकवाल्यांनीही कानडी चाली उचलल्या, 1880 च्या ‘शाकुंतला’पासून. भजनी मंडळ सिनेमाच्या चालीवर गवळण म्हणतं तेव्हा तुम्हाला वाईट वाटतं, मला वाटत नाही. बाजाराने दिलेली वस्तू लोकांनी आपल्या कामाला जुंपली, असं मी म्हणेन.

साशंक : जुंपायला माणसं एकत्र बसावी लागतात, ताई. मंडळ बसलं म्हणून चाल उचलली गेली. भुलाबाईचं बघा. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर पोरींनी घराघरांत भुलाबाईची गाणी म्हणायची, शेवटी खिरापतीचा डबा कानाशी हलवून आत काय आहे ते ओळखायचं. ओळखता आलं नाही की घरची बाई खुशीत. हीच गाणी घाटावर एक म्हटली जातात आणि घाटाखाली, जळगाव जामोद-संग्रामपूरकडे, दुसरीच. ओळ बदलते, नातं बदलतं, खाण्याचा पदार्थ बदलतो, सासरचं गाव बदलतं. कोणतीच बरोबर नाही, कोणतीच चूक नाही. आता ही गाणी मोबाइलवर आली आहेत, पेटी-तबल्यासह, एका चालीत, एका पाठात. पोरगी तेच ऐकून शिकते आणि आजी वेगळं म्हणाली की ‘तुझं चुकलं’ म्हणते. शेकडो पाठ होते, एक उरतो. आणि कायद्याने त्या ध्वनिमुद्रणाची मालकी ते काढणाऱ्याची. साठ वर्षं. गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असं लिहिलेलं असतं. जिच्या तोंडून कडवं उतरवून घेतलं तिचं नाव नाही. 2012 मध्ये कायदा बदलून गीतकार-संगीतकारांना मानधनाचा कायमचा हिस्सा दिला, ही मोठी गोष्ट झाली. पण संग्रामपूरकडची आजी गीतकारही नाही आणि संगीतकारही नाही. तिला कुठे बसवणार?

उत्साही : इथे मी तुमच्यासोबत आहे. नाव लिहिलंच पाहिजे, पैसे आले तर तिला मिळाले पाहिजेत. राईरकर-प्वातवां करू शकले, तर व्हिडिओ काढणाऱ्या पोरालाही ते जमेल, व्हिडिओखाली चार ओळी लिहायच्या आहेत. पण एकच पाठ उरतो म्हणून मुद्रणच नको, असं तुम्ही म्हणत असाल तर थांबा. पुण्यात हिंजवडीला राहणारी चिखलीची लेक आपल्या पोरीला भुलाबाई कुठून शिकवणार? तिच्या इमारतीत आजी नाही, गल्ली नाही, महिनाभर संध्याकाळी मोकळ्या असणाऱ्या मैत्रिणीही नाहीत. ती मोबाइल लावते आणि दोघी म्हणतात. एकच पाठ म्हणतात, पण म्हणतात. तुमच्या शेकडो पाठांपैकी जे आजीसोबत गेले, ते मुद्रण झालं म्हणून गेले नाहीत. कोणी ते मुद्रित केले नाहीत म्हणून गेले.

साशंक : मग प्रत्येक गावचा पाठ मुद्रित करा, एकाच कंपनीचा नको. शाळांनी करावा. कोजागिरीच्या आधी पोरींनी आपापल्या आजीकडून उतरवून आणावा, गावाचं आणि आजीचं नाव घालून. आणि महिन्यातून एक संध्याकाळ अशी ठेवावी की मोबाइल बंद, डीजे बंद, जे येतं ते माणसांनी तोंडाने म्हणावं. हळदीलाही एक तास तसा मागून घ्यावा. मी एवढंच मागतो.

उत्साही : त्या संध्याकाळी स्वयंपाक कोणी करायचा? मी वाद वाढवायला विचारत नाही. जात्यावर, भलरीत, वेचणीला बाई गायची कारण गाणं कामातच होतं, त्यासाठी वेगळा वेळ कोणाकडे मागायचा नव्हता. आता काम यंत्राने घेतलं, पण वाचलेला वेळ बाईला मिळालाच असं नाही. सोयाबीन मळणीयंत्रातून निघतं, त्याच्या घरघरीत कोण गाईल? कापूस वेचायला बाया गुत्त्याने जातात, पिकअपमध्ये उभ्या राहून, किलोवर मजुरी. प्रत्येकीची ओळ वेगळी, प्रत्येकीला आपला कापूस वाढवायचा. कमरेच्या ओटीत मोबाइल खोचलेला असतो आणि त्यावर गाणं चालू असतं. तो तिच्यावर कोणी लादलेला नाही. तिच्या दिवसातली तिच्यासाठी असलेली तेवढीच एक गोष्ट आहे. ती बंद कर म्हणून तिला कोण सांगणार?

साशंक : मी नाही सांगणार. पण त्या ओळीत वीस बायांकडे वीस मोबाइल आहेत आणि वीस गाणी चालू आहेत, हे तुम्हीच सांगितलंत. पूर्वी एकीने उचललेलं दुसरी धरायची. या वर्षीच्या भावावर, मुकादमावर, उन्हावर तिथल्या तिथे एखादी ओळ जुळायची, आणि ती संध्याकाळपर्यंत शेजारच्या वावरात गेलेली असायची. ती ओळ आता कुठे तयार होते?

उत्साही : तयार होते. कापसाच्या भावावर वऱ्हाडीत म्हटलेल्या रील मी पाहिल्या आहेत, बांधावर उभं राहून काढलेल्या. तुम्ही शोधत नाही, म्हणून तुम्हाला दिसत नाहीत.

साशंक : पाहीन. पण ती एकाने म्हटलेली असते आणि बाकीच्यांनी पाहिलेली. वीस जणींनी मिळून म्हटलेली एखादी दाखवा, म्हणजे मी माझं म्हणणं मागे घेतो.

उत्साही : दाखवते. त्याआधी किलोवरची मजुरी जाऊन रोजावरची कधी येते, तेवढं तुम्ही मला सांगा. तोवर त्या वीस जणी एका ओळीत येणार नाहीत.